भोसरीच्या टर्बोवाल्या काकांस

ती. काकांस,
सा. न. वि. वि.

नाव छापलं तर रागवाल, म्हणून नुसतं 'काका'. भोसरीत तुम्हाला शोधायला नाव लागतंच कुठे? टर्बोवाले, म्हणजे इंजिनात हवा दाबून भरणारे टर्बो दुरुस्त करणारे, विचारलं की झालं.

आमच्या हायड्रोजनवरच्या गाडीत फ्युएल सेल वीज करतो, हायड्रोजन आणि हवेतल्या ऑक्सिजनपासून. त्याला हवा दाबून देणारा कॉम्प्रेसर घेऊन आले तेव्हा तुम्ही आधी ऑइल लाइन, शाफ्टला तेल देणारी नळी, शोधलीत. ती नसतेच म्हटल्यावर चेहऱ्यावर संशय. तेल फ्युएल सेलच्या प्लॅटिनमपर्यंत गेलं तर सेल खराब होतो, म्हणून हा शाफ्ट हवेच्याच पातळ थरावर फिरतो, मिनिटाला लाखभर फेरे. हे ऐकलंत आणि चहा सांगितलात.

हिशेब त्या चहावरच झाला. 50 किलोवॅटच्या स्टॅकला, म्हणजे अशा सेलच्या चळतीला, गरजेच्या दुप्पट धरून, सेकंदाला साधारण 55 ग्रॅम हवा लागते. तिच्यात ऑक्सिजन जेमतेम 21 टक्के. नायट्रोजन बिनतिकिटाचा, पण दाबावं त्यालाही लागतं! दोन बारपर्यंत दाबायला सहाएक किलोवॅट जातात, तेही स्टॅकच्याच विजेतून. "आणि गाडी सिग्नलला उभी असताना?" तुम्ही विचारलंत. मी गप्प. स्टॅक गुदमरायला नको म्हणून आम्ही कॉम्प्रेसर कायम जोरातच फिरवत होतो.

दुसऱ्या दिवशी वेग उतरवला, तर तो भुंकायलाच लागला. पुढे जाता न आलेली हवा उलटी फिरते, आम्ही त्याला सर्ज म्हणतो. तुम्ही फोनवर आवाज ऐकून म्हणालात, "पोरी, पुढचं दार लावून हवा कोंडतेस. आधी वाल्व उघड, मग वेग कमी कर." आमच्या प्रोग्रॅममध्ये हा क्रम बरोब्बर उलटा होता. हवेची ती काटकोनी होजही तुम्हीच बदलायला लावलीत. तिथेही दाब फुकट जात होता.

वेग वाढवतानाची गोष्ट वेगळी. हवा पोचायच्या आत करंट ओढला की व्होल्टेज कोसळतं, सेलला इजा होते. म्हणून पेडल दाबल्यावरचा तेवढा क्षण बॅटरी सांभाळते. हे मात्र आमचं डोकं हो, काका.

2022 मध्ये पुण्यात हायड्रोजनवरची बस दाखवली, तेव्हा म्हणे पेपरातला फोटो बघून तुम्ही "आता आपला धंदा बसला" म्हणाला होतात. एकदा लॅबमध्ये या, आणि परत म्हणून दाखवा.

पैसे तुम्ही घेतले नाहीतच. दोन क्लॅम्प उसने दिले होतेत, ते परत आणते म्हटलं होतं. ते आता होजवर बसलेत आणि तिथून काढायची माझी छाती नाही.

तुमची,
विना-ऑइल-लाइनवाली पोरगी