आईचं घंगाळ आणि केळकर म्युझियम

संपादक साहेब, नमस्कार.

गेल्या रविवारी आईला घेऊन बाजीराव रोडच्या राजा दिनकर केळकर म्युझियममधे गेले होते. शाळेच्या ट्रिपनंतर मी स्वतः परत कधी फिरकले नव्हते, आई ७८ वर्षांची, गुडघे दुखतात तिचे, म्हटलं अर्ध्या तासात निघू, पण दोन तास झाले तरी बाई हलायला तयार नाही!

एका काचेत पितळी वज्र्या आहेत, वर पक्षी, प्राणी आणि खालची बाजू खरखरीत. मला वाटलं शोभेच्या वस्तू. आई म्हणाली, अगं टाचा घासायच्या त्या, माझ्या आजीकडे मोराची होती, न्हाणीघरात दगडापाशीच असायची. मग अडकित्ते, सोऱ्या, खवण्या, प्रत्येकापुढे थांबून बोलत होती आणि शेजारच्या दोन कॉलेजच्या मुली मोबाईल खाली करून ऐकत उभ्या राहिल्या.

दिनकर केळकरांनी साधारण १९२० पासून घरोघरच्या ह्या वस्तू जमवल्या, कमलाबाईंची साथ होती, आणि लहानपणीच गेलेल्या मुलाचं, राजाचं नाव त्या सगळ्याला दिलं. वीस हजारांच्या वर वस्तू, आणि १९७५ साली सगळं सरकारच्या स्वाधीन केलं. राजेमहाराजांच्या तलवारी कोणीही जपेल हो, पण दिवे, कलमदानं, स्वयंपाकघरातली भांडी जपावीशी वाटणं ह्याला वेगळीच नजर लागते.

तांब्यापितळेच्या भांड्यांपाशी मात्र आई गप्प झाली. नंतर हळूच म्हणाली, आपलं आंघोळीच्या पाण्याचं घंगाळ मी मोडीत घातलं गं, स्टीलचे डबे घेतले त्यावर. तेव्हा सगळ्याच घरांत तेच चालू होतं, तिचा काय दोष.

माझी कळकळीची विनंती आहे, म्युझियमला जाताना घरातल्या आजी आजोबांना बरोबर न्या, रिक्षा करून न्या, मधे बसायला लागलं तर बसू द्या. आणि तुमच्या पेपरात आठवड्यातून एकदा तरी वाचकांच्या घरातल्या एका जुन्या वस्तूचा फोटो, तिचं नाव आणि ती कशी वापरायचे एवढं छापा. आईकडे एक ओगराळं राहिलंय, उभ्या दांड्याचं, ताक काढायचं, मोडीतून कसं वाचलं देव जाणे. पहिला फोटो त्याचा मी पाठवते.

एक वाचक, पुणे