आजीची नथ आणि लेयरचे गणित

चाळीसगाव,
दि. १२ जानेवारी

प्रिय सुभाष,
सप्रेम नमस्कार.

फोटोशॉपमधले लेयर म्हणजे नेमके काय, असे तू विचारले होतेस. दोन महिने मी त्यातच गुंतलो आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

सातवीत आपण ट्रेसिंग पेपरवर खानदेशचा नकाशा काढला होता, तो तुला आठवत असेल. एका कागदावर तापी, गिरणा आणि पांझरा, दुसऱ्यावर सातपुडा, तिसऱ्यावर गावांची नावे. तापीचे वळण चुकले तर तेवढाच कागद बदलायचा. लेयरचा पाया हाच आहे. १९९४ साली फोटोशॉपच्या तिसऱ्या आवृत्तीत ही सोय आली. त्याआधी चित्रावर चिकटवलेला तुकडा निवड सोडताच खालच्या चित्रात कायमचा मिसळून जाई.

ही सोय हाताशी असूनही मी पहिल्यांदा ती वापरलीच नाही. आजीच्या एकमेव फोटोवर चेहऱ्यापासून खांद्यापर्यंत भेग गेली आहे. ती मी थेट मूळ लेयरवरच क्लोन स्टॅम्पने, म्हणजे फोटोचा एक भाग उचलून दुसरीकडे उमटवणाऱ्या ब्रशने, बुजवत गेलो आणि रोज जेपीईजी करून फाइल बंद करत राहिलो. आठव्या रात्री पाहतो तो नथीचे मोती पुसट होऊन गालात विरले होते. जेपीईजीत लेयर राहत नाहीत आणि फाइल बंद झाली की मागे जाण्याची वाटही संपते. मला फार वाईट वाटले, कारण आजीची ओळखच त्या नथीत आहे.

आता मी वर एक रिकामा लेयर घेतो, क्लोन स्टॅम्पला खालच्या लेयरमधूनही नमुना घ्यायला सांगतो आणि सगळी डागडुजी त्या रिकाम्या लेयरवरच करतो. ती नथीवर आली तर मास्क लावतो. मास्क पांढरा असेल तिथे लेयर दिसतो, काळा असेल तिथे झाकला जातो, करडा असेल तिथे अर्धवट उमटतो. खोडरबराने पुसलेले जाते. मास्कवर काळ्या ब्रशने झाकलेले मात्र पांढरा ब्रश फिरवताच परत येते. मला यातले सर्वांत मोलाचे हेच वाटते.

ट्रेसिंग पेपरची उपमा पुढे अपुरी पडते, कारण लेयर खालच्या रंगाशी गणितही करतो. फिकट फोटोची प्रत त्याच्यावरच ठेवून मल्टिप्लाय हा मिसळण्याचा प्रकार निवडला, की दोन्हींच्या उजेडाचा गुणाकार होतो. काळा शून्य आणि पांढरा एक धर: अर्ध्याचा अर्धा म्हणजे पाव, म्हणून मधला करडा गडद होतो, पण शुभ्र पांढरे एकास एक गुणून पांढरेच राहते. आजीच्या लुगड्याचे काठ असे पुन्हा दिसू लागले, तेव्हा मी आईला हाक मारून दाखवले.

आपल्या गावच्या केकी मूस यांच्या टेबलटॉप छायाचित्रांकडेही मी आता निराळ्या नजरेने पाहतो; पुढचे काय आणि मागचे काय, हे त्यांना शटर दाबण्यापूर्वीच टेबलावर मांडावे लागे.

काकूंचा लग्नातला फोटो मला पाठव. तो ६०० डीपीआयवर, म्हणजे दर इंचाला ६०० ठिपके ठेवून, स्कॅन करून टिफ फाइलच दे. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवलास तर बारकावे दबून जातात. मी पीएसडी, म्हणजे फोटोशॉपची स्वतःची फाइल, लेयरसकट परत देईन, म्हणजे माझे काही पटले नाही तर तेवढेच झाकता येईल.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
प्रकाश