मुलांना विषय झेपतात

मुलांच्या पुस्तकांत हद्दपारी आणि पूर्वग्रह कशाला, असा प्रश्न उपस्थित करणारा आपल्या रविवार पुरवणीतील लेख वाचला. हे विषय आठ-दहा वर्षांच्या वाचकांना झेपत नाहीत, हे त्यातील प्रतिपादन पटले नाही. इंग्रज लेखक टॉल्किन यांची 1937 साली प्रसिद्ध झालेली ‘द हॉबिट’ ही मुलांची कादंबरी ड्रॅगनने आपल्याच डोंगरातून हुसकावून लावलेल्या बुटक्यांची कथा आहे, आणि तिच्या हस्तलिखितावर अनुकूल अभिप्राय दिला तो प्रकाशकाच्या दहा वर्षांच्या मुलाने. (त्याचे मानधन होते एक शिलिंग!)

पूर्वग्रह तर पहिल्याच प्रकरणात भेटतो. कथेचा नायक बिल्बो याला बुटके खजिना परत मिळवण्यासाठी चोर म्हणून सोबत घेणार असतात; हा चोर कसला, वाणीच अधिक वाटतो, असे त्यांच्यातला एक म्हणतो आणि ते दाराआडून बिल्बोच्या कानी पडते. पुढे एल्फ या परीकथेतल्या वनवासी जमातीच्या राजाच्या कैदेतून हाच बिल्बो त्या सर्व बुटक्यांना पिंपांत बंद करून नदीवाटे सोडवतो. त्याला स्वतःला पिंपात बसवून वरून झाकण लावायला मात्र कोणीच उरलेले नसते, त्यामुळे तो गार पाण्यात एका पिंपाला बाहेरून धरून राहतो. निघण्यापूर्वी झोपलेल्या पहारेकऱ्याच्या किल्ल्या परत त्याच्या कमरेला अडकवायलाही तो विसरत नाही.

कथा मध्येच थांबवून उपदेश करणारी पाने मुले उलटून टाकतात, हे लेखातील निरीक्षण मात्र अचूक आहे. पण तो दोष लिहिणाऱ्याचा आहे, विषयाचा नव्हे.

– एक वाचक