आद्याक्षर काढताना मात्रा गाळू नका

संपादक महोदय,

आमच्या शेजारच्या दोन सख्ख्या बहिणी, श्रद्धा आणि शीतल, यांनी एकाच शिष्यवृत्तीसाठी अर्ज केले होते. यादी लागली, त्यात ‘श. वऱ्हाडपांडे’ हे एकच नाव. आद्याक्षर आणि आडनाव जुळले म्हणून दुबार नोंद समजून एक अर्ज गाळला गेला. चौकशीला गेले तेव्हा यादी करणाऱ्या मुलाने ‘आर’ या सांख्यिकी भाषेतली ती ओळ मला दाखवली. हीच भाषा मी नागपुरात बरीच वर्षे शिकवली आहे, म्हणून हे पत्र.

‘सबस्ट्र’ या, शब्दाचा तुकडा काढणाऱ्या फंक्शनला कितव्यापासून कितव्या अक्षरापर्यंत हवे ते सांगायचे; त्याने १ ते १ सांगितले होते. इंग्रजी नावांना ते पुरते. मराठीत युनिकोडने, म्हणजे संगणकातल्या लिपिचिन्हांना क्रमांक देणाऱ्या जागतिक पद्धतीने, व्यंजन, काना, वेलांटी, पाय मोडल्याची खूण, सगळ्यांना वेगवेगळे क्रमांक दिले आहेत, आणि ‘आर’ मोजते ते हे क्रमांक. त्यामुळे ‘श्रद्धा’ सात तुकड्यांची होते आणि पहिला तुकडा नुसता ‘श’. शीतलचाही ‘श’च. विनायक, वैशाली, वसंत तिघेही ‘व’, आणि ज्ञानेश्वर जयंताच्या रांगेत. शब्द फोडणाऱ्या ‘स्ट्रस्प्लिट’ला ‘नागपूर’ देऊन पाहा: सहा तुकडे पडतात, त्यातला काना आणि ऊकार ठिपक्यांच्या गोलाला लटकलेले दिसतात. आपण विनायकचे ‘वि.’ लिहितो, ‘व.’ कोणी लिहीत नाही.

उपाय आहे आणि तो फुकट आहे. ‘स्ट्रिंगी’ हे ‘आर’ला जोडायचे पॅकेज अक्षराच्या सीमेवर तोडते; त्यातून ना, ग, पू, र असे चार नीट मिळतात. जोडाक्षर अखंड ठेवण्याचा नियम युनिकोडच्या १५.१ आवृत्तीत, २०२३ मध्ये आला, त्यामुळे जुन्या संगणकावर ‘ज्ञा’ अजून फुटू शकतो. आवृत्ती तपासून घ्यावी.

आडनावाची गोष्ट आणखी अवघड. ‘वऱ्हाडपांडे’ दोन तऱ्हांनी टाइप होते: कोणी ‘ऱ’ची कळ दाबतो, कोणी साध्या ‘र’चा पाय मोडून मध्ये न दिसणारे जोडचिन्ह घालतो. कागदावर दोन्ही सारखीच, पण एकात अकरा क्रमांक आणि दुसऱ्यात बारा. त्यामुळे एकाच मुलीची दोन कागदपत्रे जुळत नाहीत. नेहमीच्या नॉर्मलायझेशनने, म्हणजे एकाच अक्षराच्या वेगवेगळ्या नोंदी एकसारख्या करण्याच्या युनिकोडच्या प्रक्रियेने, हा फरक जात नाही. एक रूप ठरवून दुसरे त्यात बदलून घ्यावे लागते. वऱ्हाडातल्या आणि विदर्भातल्या कार्यालयांना तरी हे ठाऊक असायलाच हवे.

माणसाची ओळख अर्ज क्रमांकावरून पटवावी, आद्याक्षरावरून कधीच नाही. आणि आपल्या कॉलेजांतल्या प्रॅक्टिकलमध्ये ‘जॉन’ आणि ‘मेरी’ पुरे झाले. श्रद्धा, ज्ञानेश्वर, क्षितिजा, वऱ्हाडपांडे ही नावे द्या मुलांना. यादी बाहेर लावण्याआधी कार्यालयांनीही हीच चार घालून पाहावीत.

— सांख्यिकीची निवृत्त प्राध्यापिका,
प्रतापनगर, नागपूर