पलंगाखालची सावरी

प्रिय मित्रा,

तुझं पत्र दोनदा वाचलं. शेल्टरमधल्या त्या तपकिरी कुत्रीचा फोटो घरात सगळ्यांना दाखवून झाला. रविवारी तुम्ही तिला आणायला जाणार हे वाचून इतका आनंद झाला की लगेच लिहायला बसलो. फोनवर माझं बोलणं भरकटतं, आणि यातलं काही सांगायचं राहिलेलं मला चालणार नाही.

तू लिहिलं आहेस, "बिचारी किती खूश होईल!" मित्रा, ती लगेच खूश होणार नाही. आपल्या लेखी आपण तिला घर दिलं. तिच्या लेखी अनोळखी माणसांनी तिला गाडीत घातलं आणि अनोळखी जागी नेऊन सोडलं. आमची कुत्री सावरी आली तेव्हा सरळ पलंगाखाली शिरली आणि चार दिवस तिथेच राहिली. खायची ती रात्री, आम्ही झोपल्यावर. मी जमिनीवर पालथा पडून हाका मारायचो, हात आत घालायचो, आणि ती भिंतीला आणखी चिकटायची. ओठ चाटायची, जांभया द्यायची. मला वाटायचं, झोप आली असेल. ती भीती होती, हे मला डॉक्टरांनी समजावलं. मान वळवून डोळ्याचा पांढरा भाग दाखवत पाहणं हेही त्यातलंच. ती सतत 'लांब राहा' म्हणत होती आणि मी प्रेमाने जवळ सरकत होतो. म्हणून सांगतो, पहिले काही दिवस तिला काही मागू नकोस. तिचा कोपरा ठरवून दे, पाणी ठेव, आणि त्याच खोलीत आपलं काम करत बस. पाहुणे तर मुळीच बोलावू नकोस.

कुत्री सांभाळणारे लोक 3 दिवस, 3 आठवडे, 3 महिने असा हिशेब सांगतात: बावरलेपण ओसरायला, घराची रीत कळायला, आणि घर आपलं वाटायला. हिशेब ढोबळ आहे. सावरीला 8 महिने लागले. पिल्लू साधारण 3 ते 14 आठवड्यांचं असताना जे पाहतं, ते त्याला जगातलं साधंसुधं वाटू लागतं. त्या वयात ज्याला माणसाचा हात, जिना, दाराची घंटा यातलं काही भेटलंच नाही, त्याला ते मोठेपणी एकेक करून शिकावं लागतं. शिकतात, पण सावकाश.

आता माझी चूक सांगतो, ती तुझ्याकडून होऊ नये म्हणून. नवव्या दिवशी मी तिला नुसत्या गळपट्ट्यावर बाहेर नेलं. मागे काहीतरी धाडकन पडलं, ती उलटी मागे सरकली आणि डोकं पट्ट्यातून सुटलं. घाबरलेलं कुत्रं असंच मागे ओढून निसटतं. मी धावलो, ती आणखी लांब पळाली. रात्रभर शोधलं. पहाटे एका उभ्या गाडीखाली दिसली, तेव्हा माझ्यात धावायचं त्राणच उरलं नव्हतं. मी तिच्याकडे पाठ करून खाली बसलो. बराच वेळ गेला, मग कोपराला ओलं नाक लागलं. तेव्हाही पाठलाग केला असता तर ती सापडली नसती, हे आता पक्कं कळतं. रविवारी जाताना अंगाला नीट बसणारा हार्नेस, म्हणजे छाती-पाठीभोवती बांधायचा पट्टा, ने; गळपट्टा वेगळा, दोन्हींना दोन दोऱ्या. पट्ट्यावर फोन नंबर लिहिलेला असू दे. घरात शिरून दार लागेपर्यंत दोरी सोडू नकोस.

मुलांना आधीच सांग, ती खाताना आणि झोपलेली असताना जवळ जायचं नाही. सावरी एकदा वाटीवरून गुरगुरली आणि मी तिच्यावर ओरडलो, याची खंत अजून जात नाही. गुरगुरणं म्हणजे चावण्याआधी दिलेली सूचना. ती रागावून बंद पाडली तर कुत्रं पुढच्या वेळी सूचना न देताच चावू शकतं. मग मी वाटीपासून लांबून जाताना तिच्या आवडीचा एखादा तुकडा टाकू लागलो. काही आठवड्यांनी मी दिसलो की ती शेपूट हलवायला लागली.

डॉक्टरांकडे पहिल्याच आठवड्यात ने. लसींचा कागद, जंताचं औषध, नसबंदी झाली आहे का, हे सगळं विचार. रक्त तपासून घे. गोचिडांमुळे होणारा ताप काही महिने लपून राहू शकतो. शेल्टरमध्ये जे खात होती तेच आधी दे, आणि आठवडाभरात हळूहळू बदल. द्राक्षं, मनुका, चॉकलेट, कांदा, लसूण तिच्या तोंडाला लागता कामा नये.

दुसऱ्या कुत्र्याचं विचारलं आहेस. आमचा गोट्या दोन वर्षांनी आला. दोघांची पहिली भेट घराबाहेर झाली, समोरासमोर नाही, तर अंतर ठेवून एकाच दिशेने चालत. वाट्या अजूनही वेगळ्या खोल्यांत. पण तुमचं आत्ताच नको. आधी ही रुळू दे.

सावरीचा आवाज आम्ही कितीतरी महिने ऐकलाच नव्हता. मुकी आहे अशीच समजूत झाली होती. आठव्या महिन्यात एका दुपारी दाराची घंटा वाजली आणि ती भुंकली, एकदाच, खणखणीत. आम्ही तिघं तीन खोल्यांतून धावत आलो. ती दारासमोर उभी होती, कान ताठ, आणि आमच्याकडे वळून पाहत होती. आई रडायलाच लागली.

एक राहिलं. तिथून निघताना तिच्या अंगाखालचं फडकं मागून घे आणि तिच्या कोपऱ्यात अंथर. कितीही वास येत असला तरी धुऊ नकोस. वहिनींनाही सांगून ठेव.

तुझाच