मन्या, गाडी काढून येऊ नको

प्रिय मन्या,

काल रात्री तुझा फोन ठेवला आणि मग झोपच नाही लागली बे. फोनवर तू ऐकायच्या मूडमध्ये नव्हता म्हणून लिहितोय, शांतपणे वाच. शेवटी तू म्हणाला ना की सरळ गाडी काढतो, नागपूरला येतो, शाळा सुटली की वहिनींना न विचारता अथर्वला बसवतो आणि हैदराबादला परत, तेवढं करू नको. पोरगं घाबरेल ते तर आहेच, पण कोर्टातही हेच तुझ्या अंगाशी येईल.

दुसरं, नेटवर वाचून तू म्हणत होता की मुलाच्या ताब्याची केस लावायला सहा महिन्यांचा नियम आहे, जूनच्या शेवटी शाळा सुरू झाली म्हणजे डिसेंबरपर्यंत वेळ आहे. अरे तो अमेरिकेचा नियम आहे! तिथं १९९७ साली एक कायदा तयार झाला आणि मग एकेक राज्यानं तो घेतला, त्यात केस लावायच्या आधीचे सलग सहा महिने मूल ज्या राज्यात राहिलं तिथलं कोर्ट आधी, आणि एकानं मूल बाहेर नेलं तरी मागं राहिलेल्या आईला किंवा बापाला तिथंच केस लावायला सहा महिने मिळतात. आपल्याकडे असं मोजमाप नाही. आपल्याकडे १८९० चा गार्डियन्स अँड वॉर्ड्स ॲक्ट, म्हणजे मुलांच्या पालकत्वाचा कायदा आहे, इंग्रजांच्या काळातला, त्याचं कलम ९ एवढंच म्हणतं की मूल साधारणपणे जिथं राहतं तिथल्या कोर्टाला अधिकार. आता हे 'साधारणपणे' म्हणजे काय यावरच वर्षं जातात रे.

मी हे पुस्तकातून नाही सांगत, ताईचं सगळं तू पाहिलंच आहे थोडंफार. ती रायपूरहून चिऊला घेऊन इकडे आली, इथं अर्ज केला, जावईबापूंनी तिकडे रायपूरला केला, मग यांचं म्हणणं पोरीची शाळा तिकडे होती, आमचं म्हणणं आता इथं आहे. टीसी, लसीकरणाचं कार्ड, आधारवरचा पत्ता, शेजारच्या काकूंची साक्ष, सगळं नुसतं कोर्ट कोणतं हे ठरवायला. वरून ताईला दिल्लीला जावं लागलं, कारण एका राज्यातली केस दुसऱ्या राज्यात हलवायची तर सीपीसीच्या, म्हणजे दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम २५ खाली सुप्रीम कोर्टातच जावं लागतं, हायकोर्टाच्या हातात ते नाही. दोन वर्षं गेली मन्या. चिऊ दुसरीतून चौथीत गेली आणि तेवढ्यात बापाला चारदा भेटली, कारण भेटीचा अर्ज लावला की समोरचे वकील उठून म्हणणार, आधी या कोर्टाला अधिकार आहे का ते ठरवा. आमचे वकीलही तिकडे तेच म्हणत होते, खोटं कशाला बोलू. चिऊला काय पाहिजे हे त्या दोन वर्षांत कोणीच विचारलं नाही.

आता तुझं. तू म्हणतो सहा वर्षं पोरगं हैदराबादला वाढलं, एप्रिलमध्ये वहिनी सुट्टीसाठी म्हणून आल्या आणि राहिल्या, सुट्टी म्हणजे राहणं नव्हे. बरोबर आहे, तुझा वकीलही हेच मांडेल. पण जूनमध्ये तू व्हॉट्सॲपवर काय लिहिलं होतं ते आठव, 'ठीक आहे, यंदा तिकडेच शाळेत घाल.' सुप्रीम कोर्टाचा २०११ चा एक निकाल आहे, आईवडील अमेरिकेतून आलेले, आई मुलाला घेऊन दिल्लीत राहिली, हायकोर्ट म्हणालं दिल्लीला अधिकार नाही, सुप्रीम कोर्टानं ते उलटवलं, आणि त्यात वडिलांनी पाठवलेले ईमेलच पाहिले गेले की यांनी तर मूल इथं ठेवायला होकार दिला होता. त्यांनी नंतर म्हटलं दबावाखाली लिहिलं, ते टिकलं नाही. तुझा तो मेसेज डिलीट करू नको, वकिलापासून लपवूही नको.

हेबियस कॉर्पसचं, म्हणजे मुलाला कोर्टासमोर हजर करा असा अर्ज टाकायचं, जे कोणी सांगितलं तेही डोक्यातून काढ. २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानं म्हटलंय की मुलाला ठेवणं बेकायदा असेल तेव्हाच तो मार्ग, आणि सख्ख्या आईकडे मूल आहे ते बेकायदा कसं म्हणणार? शिवाय वहिनींनी उद्या इथं घटस्फोटाचा अर्ज टाकला तर? बायको जिथं राहते तिथं तो टाकता येतो, २००३ पासून, आणि त्याच केसमध्ये हिंदू विवाह कायद्याच्या कलम २६ खाली अथर्वचा ताबाही मागू शकतात.

म्हणून माझं मत सांगतो, तुला राग येईल. केस नागपुरातच लाव. मी काही वकील नाही, तू तुझ्या वकिलाशी बोल, पण इथं लावलं तर कोर्ट कोणतं यावर भांडण उरतच नाही, वहिनी स्वतःच म्हणतात पोरगं इथं राहतं. पहिल्या तारखेपासून मुद्दा अथर्वचा होईल, भेटीचा अर्ज लगेच लावता येईल. मैदान तिचं आहे, मान्य. पण हैदराबादला लावलं तर वहिनी केस इकडे हलवायला सुप्रीम कोर्टात जाणार, आणि अशा वेळी बायकोची गैरसोय बरेचदा बघितली जाते, म्हणजे वर्ष घालवून शेवटी इथंच यायचं. तारखांना माझ्याकडे उतर, वरची खोली रिकामीच आहे, आई तर केव्हाची म्हणते मन्या आला नाही.

आणि ऐक, मी काल वहिनींशी बोललो. चिडलेल्या आहेत, पण रविवारी सकाळी अथर्वला महाराजबागेत घेऊन यायला तयार झाल्या, मी सोबत असेन तर. दुपारपर्यंत तुझ्याजवळ. तर शनिवारी ट्रेननं ये, गाडी आणू नको. अथर्व मला विचारत होता काका माझी निळी सायकल बाबानं कोणाला देऊन तर नाही टाकली ना. ती पार्सलनं आण. उद्या कोणी वकील म्हणेल बघा बापानंच सायकल इकडे पाठवली म्हणजे पोरगं इथलंच, तर म्हणू दे. त्याला सायकल पाहिजे बे.

ट्रेन कोणती ते कळव, मी स्टेशनवर येतो.

तुझाच,
पक्या