काका, कुंडीवरची खडूची खूण अजून आहे

आदरणीय काका,
सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव कुठे लिहायचं नाही असं तुम्ही बजावलंय, म्हणून लिहीत नाही. ज्यांना कळायचं त्यांना कळेल. त्या दिवशी आभार मानायला जिन्यापर्यंत आले होते, पण घसा दाटून आला आणि तुम्ही ‘बरं, येतो’ म्हणत खाली उतरलातसुद्धा. तीन महिने ते मनात घेऊन फिरतेय.

बाबा फेब्रुवारीत गेले. त्यांच्यामागे आमच्या विक्रोळीच्या गॅलरीत दोन कुंड्या राहिल्या. एक अडेनियम, नारळाएवढ्या बुंध्याचं, बाबांनी बोटभर रोपापासून वाढवलेलं. दुसरी राणी रंगाची बोगनवेल. मला झाडांतलं काही कळत नव्हतं, म्हणून ज्या नर्सरीत बाबा वर्षानुवर्षं जायचे तिथे विचारलं. उत्तर मिळालं, ‘दोन्ही कमी पाण्याची झाडं आहेत ताई. आठवड्यातून दोनदा पाणी घाला, विसरून जा.’ मी विसरले नाही. मंगळवारी आणि शनिवारी, दोघांना एकेक तांब्या, पूजेसारखं घालत राहिले.

मे महिन्यात बोगनवेलीची पानं गळून नुसते काटे उरले. जुलैत अडेनियमचा बुंधा मऊ पडला. अंगठ्याने दाबला तर पिकल्या पपईसारखा आत गेला. त्याच नर्सरीत पुन्हा धावले. ‘कुजलं ते, फेकून द्या. नवीन आहे ना, बाराशेला.’ मग घरी येऊन झाडं तपासणारे एक गृहस्थ बोलावले. आठशे रुपये घेतले, दोन्ही कुंड्यांत कसलंसं हिरवं पाणी ओतलं आणि निघाले. हे माझ्या वडिलांचं झाड आहे, असं मी म्हटलं तेव्हा त्यांनी मोबाइलवरून मानसुद्धा वर केली नाही. पैशांचं दुःख नाही काका. ती न उचललेली मान अजून सलते.

आणि तुम्ही! दूध केंद्रावर मी कुणाला तरी हे सांगत होते, ते तुम्ही ऐकलंत. महापालिकेच्या बागांत माळी म्हणून उभा जन्म गेलेला माणूस, गुडघे दुखतात हे तर दिसतच होतं, तरी तीन जिने चढून आलात. अडेनियम उपटून वर्तमानपत्रावर आडवं ठेवलंत आणि बुंध्याचा एकेक काप काढत गेलात. तपकिरी, तपकिरी, मग पिवळट, आणि शेवटी पांढरंशुभ्र. ‘हितं बघा, हितनं जिवंत आहे,’ म्हणालात. चीक लागलेले हात डोळ्यांना लावू नका, हे कण्हेरीच्या नात्यातलं झाड, चीक विषारी असतो, हेही तेव्हाच सांगितलंत. पुढे हळद लावणं, सावलीत वाळवणं, ते सगळं तुम्हीच केलंत, मी नुसती बघत होते.

त्या वेळी जे बोललात ते मी रात्री वहीत लिहून ठेवलं. तुम्ही साताऱ्याकडच्या दुष्काळी माण तालुक्यातले. म्हणालात, ‘दुष्काळ काढणारी माणसं दोन तऱ्हेची. एक घरात कणगी भरून बसतो, दुसरा चार कोस चालून पाणी आणतो.’ अडेनियम कणगीवालं. बुंध्यात पाणी साठवतं, म्हणून ओली माती त्याला सोसत नाही. आफ्रिकेतल्या साहेलचं, म्हणजे सहारा वाळवंटाच्या दक्षिणेच्या कोरड्या पट्ट्यातलं, आणि अरबस्तानातलं ते झाड, आणि मी त्याला पश्चिमेच्या गॅलरीत मुंबईच्या पावसात उभं केलं होतं. आपल्याकडे चार महिन्यांत 2000 मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, वर माझा शनिवारचा तांब्या! बोगनवेल मात्र चालून पाणी आणणारी. जमिनीत असली की मुळं लांबवर, खोलवर धाडते, मग तिला कुणाची गरज नाही. कुंडीत ती चालणार कुठे? एप्रिल-मेच्या उन्हात तिला जवळजवळ रोज पाणी लागतं. दोघांनाही ऊन भरपूर हवं, निचरा चांगला हवा, इथपर्यंतच त्यांचं जमतं. मला इतके महिने कुणी हे सांगितलं नाही की ‘कमी पाण्याचं झाड’ या एका शब्दात दोन वेगळे स्वभाव आहेत.

पण हे पत्र त्या माहितीसाठी नाही.

दहा-बारा दिवसांनी तुम्ही पुन्हा आलात, वाळलेला बुंधा भरड वाळू आणि विटांच्या तुकड्यांत बसवलात. मला वाटलं झालं. तर हात झटकत तुम्ही विचारलंत, ‘बाबा बसायचे कुठं?’ मी दाराजवळची खुर्ची दाखवली. शेवटची दोन वर्षं ते तिथूनच गॅलरी बघायचे. तुम्ही त्या खुर्चीत बसला नाहीत. तिच्या शेजारी, दुखऱ्या गुडघ्यांवर, उकिडवे बसलात, डोळे बाबांच्या डोळ्यांच्या उंचीवर येतील असे, आणि झाडाकडे पाहिलंत. मग उठून कुंडी थोडी फिरवलीत. पुन्हा बसलात. पुन्हा पाव फेरा फिरवलीत. खिशातून खडूचा तुकडा काढून काठावर एक आडवी रेघ ओढलीत. ‘ही रेघ खुर्चीकडं ठेवा. झाडाचं तोंड हिकडं होतं.’

काका, बाबा गेल्यावर घरात कितीतरी माणसं येऊन गेली. सगळी चांगली, सगळ्यांनी धीर दिला. पण बाबांना त्या खुर्चीतून काय दिसत होतं, हे कुणी बसून पाहिलं नव्हतं. मीसुद्धा नाही. तुम्ही गेल्यावर मी त्या खुर्चीत बसले आणि फेब्रुवारीनंतर पहिल्यांदा पोटभर रडले.

हल्ली चांगली माणसं राहिली नाहीत असं जो तो म्हणतो. मीही म्हणायचे. चांगली माणसं असतात हो. ती पाटी लावून बसत नाहीत, दूध केंद्रावर पिशवी घेऊन रांगेत उभी असतात. तुम्ही माझ्याकडून पैसे घेतले नाहीत. चहा घेतलात, तोही अर्धा कप, बिनसाखरेचा. आणि जाता जाता बोगनवेलीच्या फांदीआड उरलेला एकच गुच्छ दाखवलात: रंगीत दिसतात ती पानंच, खरं फूल मधे, पांढरं, इवलंसं. गुलबक्षीच्या कुळातली आहे ही, म्हणालात. इतकी वर्षं घरात असून ते फूल मी पाहिलं नव्हतं.

आता इकडची खबर. अडेनियमला शेंड्यावर सात पानं आली आहेत. बुंधा दाबून पाहते, घट्ट आहे. वाळू पार आतपर्यंत कोरडी झाल्याशिवाय पाणी घालत नाही. खत अजून दिलेलं नाही, तुम्ही सांगितल्याशिवाय देणारही नाही. बोगनवेल पावसात नुसती पानांनी माजली आहे, फूल एक नाही. पाऊस गेला की छाटू म्हणाला होतात. पाऊस गेलाय. कात्री धार लावून आणली आहे, पण कुठल्या डोळ्यावर कापायचं ते कळत नाही, आणि तुमच्याशिवाय हात लावायला धजत नाही.

पाऊस थांबल्यावर अडेनियम पुन्हा गॅलरीत ठेवलं, रेघ खुर्चीकडे करून. थोडी पुसट झाली आहे, पण दिसते. येत्या रविवारी सकाळी याल का? जिन्यात मधल्या वळणावर स्टूल ठेवते, बसत बसत या.

तुमची,
तिसऱ्या मजल्यावरची ताई